बाहिर दार

"कुठलं गाव म्हणालीस? बाहेरचं दार?"

फोनची लाइन खरखरत होती, तरी आईने जे ऐकलं ते कुठल्याही मराठी कानाने ऐकलं असतं. ऑक्टोबर २००९ मधली गोष्ट. इथिओपियाच्या उत्तर भागात, ताना सरोवराच्या काठावरच्या बाहिर दार या शहरात मी गणित शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. अम्हारिक भाषेत 'बाहिर' म्हणजे समुद्र आणि 'दार' म्हणजे काठ. या देशाला समुद्र नाही, पण ताना इतकं पसरलेलं आहे की काठावर उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही. मी आईला अर्थ समजावून सांगितला. तिने "बरं बरं" केलं आणि शेजारणींना सांगताना मात्र "लेक तिकडे बाहेरच्या दारी असते" असंच सांगत राहिली.

पहिले काही महिने मला तिचंच म्हणणं खरं वाटायचं. मी बाहेरच्या दाराशी उभी होते. आत बोलणं चाललेलं ऐकू यायचं, आणि कळत काही नव्हतं.

पहिल्या दिवशी विभागातून हजेरीचा कागद हातात मिळाला. सत्तेचाळीस नावं. त्यात आडनाव एकही नाही. इथे माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं नाव, त्यापुढे वडिलांचं आणि कागदपत्रांसाठी लागलं तर आजोबांचं. एवढंच. घराणं सांगणारा शब्दच नाही. त्यामुळे प्राध्यापक असो, मंत्री असो, हाक पहिल्या नावानेच; फार तर आधी 'अतो' म्हणजे श्रीयुत किंवा 'डॉक्टर' लागतं. लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही. याचं मला सुरुवातीला फार नवल वाटलं होतं. विभागातल्या एका सहकारिणीला मी ते बोलून दाखवलं, तर तिने मलाच विचारलं, "लग्नाने वडील कसे बदलतील?"

हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि नवव्या नावाशी अडकले. तिलाहुन. मी 'तिलाहुन' म्हटलं, वर्ग शांत. 'टिलाहुन' म्हटलं, 'थिलाहुन' म्हटलं. आपल्याकडे त-थ, ट-ठ एवढी सगळी अक्षरं आहेत, त्यातलं एखादं तरी बसेल असा माझा भरवसा होता. एकही बसलं नाही. अम्हारिकमध्ये असे काही व्यंजनांचे उच्चार आहेत की तोंडातली हवा क्षणभर कोंडायची आणि श्वास न सोडता अक्षर फोडायचं. तास संपल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी जवळ आली. तिने वहीच्या पानाची एक बारीक पट्टी फाडली, माझ्या ओठांसमोर धरली आणि म्हणाली, "म्हणा, टीचर." मी 'थ' म्हटलं, पट्टी फडफडली. मग तिने पट्टी स्वतःच्या तोंडासमोर धरली आणि ते अक्षर म्हणून दाखवलं. टिचकी वाजावी तसा आवाज आला, पट्टी जेमतेम हलली. पुढचा आठवडाभर मी रात्री आरशासमोर कागदाची पट्टी धरून उभी राहत होते. दहाव्या दिवशी हजेरीत ते नाव घेतलं तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं. त्या मुलाने आजवर माझ्या हाकेला नुसता हात वर केला होता. त्या दिवशी तो उभा राहिला.

नावाचा अर्थ नंतर कळला. 'तिला' म्हणजे सावली, 'हुन' म्हणजे हो. सावली हो.

मग मला नावांचं वेडच लागलं. तेस्फाये म्हणजे माझी आशा. बेकेले म्हणजे अंकुर फुटला. तिरुनेश म्हणजे तू चांगली आहेस. अलेमायेहु म्हणजे मी जग पाहिलं. तिगिस्त म्हणजे धीर, हिवोत म्हणजे आयुष्य. आपल्या नावांत देव असतात, फुलं असतात, नद्या असतात. इथे पुष्कळदा नाव म्हणजे अख्खं वाक्य असतं, क्रियापदासकट. बाळाकडे पाहून कुणीतरी कधीतरी म्हटलेलं. तासाला शेवटची पाच मिनिटं राखून मी रोज एकेकाला अर्थ विचारायला लागले. मुलांनाही ते आवडायचं. नाव सांगताना त्यांचं इंग्रजी मोकळं व्हायचं, आणि इंग्रजीतून गणित शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हती.

कासाहुन, मस्रेशा अशीही काही नावं त्या कागदावर होती. कासाहुन म्हणजे भरपाई हो. मस्रेशा म्हणजे विसर पाडणारं. घरातलं आधीचं मूल गेल्यावर जे मूल येतं त्याला ठेवायची ही नावं. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. त्यांतल्याच एका नावाचा मुलगा तिसऱ्या रांगेत बसायचा. त्याचा दिवस आला तेव्हा त्याने उठून अर्थ सांगितला, थोडा थांबला आणि म्हणाला, "माझ्याआधी बहीण होती." पुढे काहीच बोलला नाही. वर्गात कुणी वहीचं पानही उलटलं नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा जन्मापासून दुसऱ्याच्या जाण्याचं नाव घेऊन फिरत होता, आणि मी ते सगळ्यांसमोर फळ्यापाशी उघड करायला लावलं होतं.

त्या दिवसापासून मी अर्थ विचारणं बंद केलं. ज्याला सांगावंसं वाटायचं तो आपणहून येऊन सांगायचा. वर्ष संपेपर्यंत बहुतेक सगळे येऊन गेले.

माझ्या स्वतःच्या नावाचं काय झालं तेही सांगायला हवं. रुजू होताना भरायच्या अर्जात तीन रकाने होते: नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. मी ते त्याच क्रमाने लिहिलं. टेबलापलीकडच्या बाईंनी पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हे वडील?" नाही, नवरा. "आणि हे आजोबा?" नाही, ते आडनाव. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मी खोडून वडिलांचं नाव लिहिलं. तिसऱ्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. वडिलांच्या वडिलांचं नाव मी शेवटचं कधी लिहिलं होतं? बहुधा कधीच नाही. ते माझ्या जन्माआधीच गेले. त्यांची सही कुठेही नाही. जमिनीच्या जुन्या कागदांवर आहे तो त्यांचा अंगठा. मी त्यांचं नाव सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं.

दोन आठवड्यांनी ओळखपत्र हाती आलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. लग्नानंतर बारा वर्षांनी माझे वडील माझ्या नावात परत आले होते, आणि सोबत आयुष्यात कधी सही न केलेल्या आपल्या बापालाही घेऊन आले होते. मी ते ओळखपत्र बराच वेळ तळहातावर धरून बसले होते.

दोन नावांमुळे पहिला पगार मात्र अडकला. पगाराच्या यादीत एक नाव, पासपोर्टवर दुसरं. बँकेने पत्र मागितलं, पत्रावर शिक्का मागितला, शिक्का जुना निघाला म्हणून नवा मागितला. साडेतीन आठवडे गेले. त्या काळात शेजारच्या टेबलावरच्या एका सहकाऱ्याने न विचारता पाचशे बिर पाकिटात घालून माझ्या पुस्तकात ठेवले होते. त्याचा स्वतःचा पगार माझ्यापेक्षा कितीतरी कमी होता. परत द्यायला गेले तेव्हा त्याने पैसे मोजून घेतले नाहीत, दोन्ही हातांनी घेतले.

आता शनिवारची गोष्ट. ती अजून मनातून जात नाही.

इथिओपियात दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात वाजले की इथल्या घड्याळात एक वाजतो, आठला दोन, दुपारी बाराला सहा. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य थोड्याफार फरकाने त्याच वेळी उगवतो, त्यामुळे हा हिशेब कधी बिघडत नाही. खरं तर मराठी माणसाला हे परकं वाटायला नको. पंचांगातल्या घटकासुद्धा सूर्योदयापासूनच मोजतात. वर्षांचंही तसंच. मी २००९ मध्ये आले तेव्हा इथे २००२ साल होतं. सप्टेंबरात नवं वर्ष लागतं आणि वर्षाला तेरा महिने; तीस-तीस दिवसांचे बारा आणि पाग्मे नावाचा पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. हे सगळं मी येण्याआधी वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं.

एका शुक्रवारी मी वर्गात सांगितलं की बुडालेला तास शनिवारी दोन वाजता घेऊ. मी माझ्या घड्याळाने दुपारी दोनला पोचले. खोलीला कुलूप होतं. बाहेर झाडाखाली नऊ मुलं बसली होती. ती सकाळी आठपासून तिथेच होती. सगळा वर्ग आठला आला होता. बाकीचे वाट पाहून अकराच्या सुमाराला गेले, ही नऊ जणं थांबली. जेवली नव्हती. काही जण शहराच्या पार टोकाकडून चालत आले होते. मी सहा तास उशिरा पोचले होते आणि एकाच्याही चेहऱ्यावर तक्रार नव्हती. एकजण एवढंच म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्ही येणार आहात, म्हणजे येणार."

माझा गळा दाटून आला. मी किल्ली मागवली, त्या नऊ जणांना शिकवलं, आणि सोमवारी अख्ख्या वर्गाची माफी मागितली. शिक्षकाने माफी मागणं त्यांना अवघड गेलं असावं. बरीच मुलं मान खाली घालून बसली. तिथून पुढे मी फळ्यावर वेळ लिहिताना दोन्ही लिहायला लागले. मुलांनीच मला दाखवलं की इथे कागदोपत्री स्थानिक वेळेपुढे 'एल.टी.' असं लिहायची पद्धत आहे. माझ्या मनगटावरचं घड्याळ मी तसंच ठेवलं, पण घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्याच संध्याकाळी सहा तास मागे केलं.

माझं घर म्हणजे एका आवारातल्या दोन खोल्या. अशा आवाराला इथे 'गिबी' म्हणतात. आपल्याकडच्या वाड्याशी जवळचं नातं. मध्ये अंगण, कोपऱ्यात नळ, पत्र्याचं मोठं दार. घरमालकीण साठीच्या पुढच्या, सगळे त्यांना एमामा म्हणायचे, म्हणजे आजी. पांढरी नेतेला अंगाभोवती लपेटून पहाटे चर्चला जायच्या, परत आल्या की माझ्या दाराशी थांबून विचारायच्या, "एन्देमिन अदेरु?" रात्र कशी गेली? संध्याकाळी तोच प्रश्न दिवसाबद्दल. उत्तर ठरलेलं: देवाची कृपा. मग पुन्हा तब्येत कशी, घरचे कसे, आई कशी. सुरुवातीला मी घाईने "बरं आहे" म्हणून मोकळी व्हायची. पुढे कळलं की उत्तर महत्त्वाचं नाही. तेवढा वेळ दारात उभं राहणं महत्त्वाचं.

'अदेरु' हा शब्द मी मुद्दाम सांगितला. अम्हारिकमध्ये आपल्यासारखंच आदरार्थी रूप आहे. 'एर्सिवो' म्हणजे आपण. जवळच्याला एकेरी, त्यातही पुरुषाला 'अन्ते' आणि बाईला 'अंची'. क्रियापद त्याप्रमाणे बदलतं. एमामा माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या, पण मला शिक्षिका म्हणून नेहमी आदराने बोलवायच्या. "बुना यितेतु." कॉफी घ्यावी.

ही भाषा माझ्या जिभेला जड गेली, पण डोक्याला नाही. वाक्याच्या शेवटी क्रियापद, मराठीसारखंच. 'बेल्चे मेताहु' म्हणजे जेवून आले. जेवून, बसून, बोलून, असं एकामागून एक क्रिया ओवत जायची आपली सवय तिथे जशीच्या तशी चालते. आणि लिपी! एमामांचा नातू अक्षरं शिकत होता. अंगणात बसून तो मोठ्याने घोकायचा: ल, लु, ली, ला, ले, ल्, लो. मी खिडकीतून ऐकलं आणि हातातलं काम टाकून बाहेर गेले. ही तर बाराखडी! फक्त बाराऐवजी सात रूपं. तेहतीस मूळ अक्षरं, प्रत्येकाची सात रूपं, म्हणजे २३१. मी त्याच्याशेजारी बसले आणि रोज एक ओळ त्याच्याबरोबर घोकायला लागले. त्याच्या चुका मी काढायची, माझ्या चुका तो. हजारो मैलांवर, वेगळ्या रंगाच्या मातीत कुणीतरी अक्षरांची तशीच रांग लावून ठेवली आहे, या गोष्टीने मला जो धीर दिला तो माझ्याच भाषेतल्या फोनांनीही दिला नव्हता. दिवे गेले की सगळ्या गिबीतून एकच आवाज उठायचा, "मेब्रात हेदे!" लाईट गेली. आली की "मेता!" आली. शब्द तेच, क्रियापदं तीच. अंधारात मी मराठीत ओरडले असते तरी कुणाला वेगळं वाटलं नसतं.

एका गोष्टीचा मात्र मी बराच काळ चुकीचा अर्थ लावत होते. वर्गात काही विचारलं, कळलं का म्हटलं, की मुलं श्वास आत ओढल्यासारखा एक आवाज करायची. दचकल्यावर आपण करतो तसा. मला वाटायचं, मी काहीतरी भलतंच बोलले किंवा प्रश्न फार अवघड झाला. मी पुन्हा समजावून सांगायची, पुन्हा तोच श्वास. एकच सिद्धांत तीन-तीनदा शिकवून झाल्यावर कुणीतरी सांगितलं, की तो आवाज म्हणजे 'हो'. समजलं, ऐकतोय, पुढे चला. होकार श्वास आत घेऊनही देता येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता फोनवर बोलताना मीही तसंच करते. आईला वाटतं मला दम लागलाय.

जेवणाची मला चिंता होती, कारण मी शाकाहारी. ती चिंता पहिल्या बुधवारीच मिटली. इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात बुधवार आणि शुक्रवार उपासाचे, शिवाय ईस्टरआधीचे सलग पंचावन्न दिवस, आणि आणखीही. उपास म्हणजे मांस, दूध, अंडी वर्ज्य. खानावळीत 'बेयायनेतु' मागितलं की मोठ्या इंजेरावर डाळी, भाज्या, शिरो म्हणजे पिठल्यासारख्या कालवणाचे ढीग मांडून येतात. इंजेरा तेफ नावाच्या अगदी बारीक दाण्याच्या पिठाचा, दोन-तीन दिवस आंबवलेला. पहिला घास घेतला तेव्हा जिभेला आंबोळीची ओळख पटली. एमामांना मी सांगितलं की मी कधीच मांस खात नाही, तर त्यांनी हात जोडून विचारलं, "रोजच उपास? एवढं कसलं पाप झालं?" ते त्यांनी काळजीने विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. पुढे आमच्या ताटात जेवताना त्या पहिला घास स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घालायच्या. त्याला गुर्शा म्हणतात. मराठीत त्याला शब्द शोधावा लागत नाही: घास भरवणं. पस्तिशी ओलांडल्यावर मला कुणी घास भरवेल असं मला वाटलं नव्हतं.

रस्त्यावर मुलं मागे लागून ओरडायची, "फेरेंज! फेरेंज!" म्हणजे परदेशी. थोडी मोठी मुलं "हिंद!" म्हणायची. विशेष म्हणजे वयस्क माणसं थांबवून सांगायची, "मला शाळेत भारतीय शिक्षक होते." सम्राट हैले सेलासी यांच्या काळात भारतातून, त्यातही केरळमधून, पुष्कळ शिक्षक या देशातल्या लहानसहान गावांपर्यंत गेले होते. त्यांनी माझ्यासाठी कुणाकुणाच्या मनात जागा करून ठेवली होती, आणि मला त्यांची नावंही माहीत नव्हती. तीनचाकी रिक्षाला तर इथे 'बजाज'च म्हणतात. आकुर्डीचं नाव ठाऊक नसलेले लोक दिवसातून दहादा एक मराठी मुलखातला शब्द बोलत होते.

पण शब्द उलट दिशेनेही प्रवास करतात, आणि तो हिशेब तितका सुखाचा नाही. इथल्या डोंगराळ भागातले लोक स्वतःला 'हबेशा' म्हणवतात. फार प्रेमाने म्हणतात: हबेशा जेवण, हबेशा कपडे, हबेशा पाहुणचार. त्याच मुळातून आपल्याकडे 'हबशी' आला. मी लहानपणापासून तो शब्द ऐकला आहे, आणि चांगल्या अर्थाने क्वचितच. इतिहास शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने मला एकदा विचारलं, "आमचं कुणी तुमच्याकडे गेलं होतं का?" मी त्याला मलिक अंबरची हकीकत सांगितली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा दख्खनमध्ये पोचला, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, त्याने मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, हे शहर वसवलं, त्या शहराला नहरीने पाणी आणलं, १६२६ मध्ये वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. सहकारी खुर्ची पुढे ओढून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "तुमचे लोक त्याला काय म्हणायचे?" मी तो शब्द उच्चारला. तो हसला, त्याला स्वतःचंच नाव ऐकू आलं होतं. त्या शब्दावर आपण काय चढवून ठेवलं आहे ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. मी तो शब्द पुन्हा कधी शिवीसारखा कानावर आला तर आता गप्प बसत नाही.

जून ते सप्टेंबर क्रेम्त, म्हणजे पावसाळा. पहिल्या क्रेम्तमध्ये मी फार एकटी पडले. विद्यापीठ रिकामं, सरोवरावर दिवसभर ढग, नेट दिवस-दिवस बंद. एका संध्याकाळी भाजी घेऊन येताना चिखलात पाय घसरला आणि मी रस्त्यातच बसले. कांदे सगळीकडे गेले. समोरच्या टपरीतून, बजाजमधून, छत्रीखालून एकाच वेळी चार-पाच आवाज आले: "आयझोश!" हा शब्द कसा सांगू? सावर, घाबरू नको, आम्ही आहोत, हे सगळं त्यात आहे. इथे कुणाला ठेच लागली, कुणाचं माणूस गेलं, कुणी परीक्षेत नापास झालं, तरी हाच शब्द. एका मुलाने कांदे गोळा केले, एका बाईने आपल्या नेतेलाच्या टोकाने माझा हात पुसला. कुणी माझं नाव विचारलं नाही, आणि 'फेरेंज'ही म्हटलं नाही. चिखलात बसलेल्या बाईशी बोलतात तसं, एकेरीत बोलले. मी घरी येऊन खूप रडले आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

२ एप्रिल २०११ रोजी पंतप्रधान मेलेस झेनावी यांनी नाईलवरच्या मोठ्या धरणाची कोनशिला बसवली. निळी नाईल, इथली अबाय, आमच्या बाहिर दारलाच सरोवरातून बाहेर पडते. मी रोज तिच्या पुलावरून जायची. शहरात सणासारखं वातावरण होतं. थोड्याच दिवसांत विभागात एक यादी लागली: प्रत्येकाने एका महिन्याचा पगार धरणाच्या रोख्यांसाठी द्यायचा. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांची नावं त्यावर होती. चहाच्या वेळी त्यावर चर्चा व्हायची. कुणाला अभिमान, कुणाला घरखर्चाची चिंता, पुष्कळांना दोन्ही. त्यांचे आवाज मी ऐकत होते. मग सगळे तासाला गेल्यावर मी त्या फलकासमोर उभी राहिले आणि वरपासून खालपर्यंत यादी वाचली. माझं नाव नव्हतं. नसणारच होतं. मी परदेशी, करारावर आलेली, धरण त्यांचं, नदी त्यांची. तरीही मी यादी दुसऱ्यांदा वाचली. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला मी अजून नाव देऊ शकलेले नाही, पण ते खोटं नव्हतं. काही दारं बाहेरच्या माणसाला उघडत नाहीत आणि ती तशीच असायला हवीत, हे मला पटतं. पटल्याने ती टोचणी मात्र गेली नाही.

तिसऱ्या वर्षाच्या एका रविवारची गोष्ट. संध्याकाळी दिवे गेलेले होते. अंगणात एमामांनी ताजं गवत पसरलं होतं, शेगडीवर हिरवे बुंद, म्हणजे कॉफीचे दाणे, भाजायला घेतले होते, धुपाचा धूर दाराशी आला होता. कॉफी इथे तीनदा ओततात: अबोल, तोना, बेरेका. पहिली कडक, मग फिकी, आणि तिसरी आशीर्वादाची. अर्ध्यातून उठून जायचं नाही. भाजलेल्या बुंदाचं भांडं प्रत्येकाच्या नाकाशी फिरवतात, तेव्हा हाताने वास आपल्याकडे ओढून घ्यायचा. ते भांडं माझ्यापर्यंत यायचं होतं, पण मी दारात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. आई तिच्या गुडघ्यांबद्दल, शेजारच्या लग्नाबद्दल सांगत होती.

अंधारातून एमामांचा आवाज आला. जेबेना, कॉफीची सुरई, शेगडीवरून उतरवली होती, कॉफी निवत चालली होती, आणि त्या वैतागल्या होत्या.

"नेय! बुना तेच्ची!"

मी बोलता बोलता थांबले. 'यितेतु' नव्हतं. घ्यावी नव्हतं. ये गं, कॉफी घे. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांना ते कळलंही नव्हतं; त्या सिनीच्या वाट्या मांडत होत्या आणि नातवालाही त्याच सुरात हाका मारत होत्या.

"कोण ओरडतंय गं?" आईने विचारलं.

"ठेवते आई," मी म्हटलं. "पहिली ओतलीये."